दुडुदुडु चालणाऱ्या लेकराचं घर: आयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक ते तीन वर्षांचं मूल घरात असलं की आया एकमेकींना जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. उत्तरं माझी आहेत. माझी मुलगी नुकतीच दोन वर्षांची झाली आहे. जिथे अभ्यासाचा आधार पक्का आहे तिथे तो दिला आहे, बाकीचं रोजच्या बघण्यातून आलेलं आहे.

दिवसभर मी नुसती मागे धावत असते. यात आनंदाची जागा कुठली?

कामांच्या मधली. या वयाच्या मुलाला काम आणि खेळ असे दोन कप्पे अजून ठाऊक नसतात. बाहेर पडायचं म्हणून चप्पल घालणं आपल्या लेखी निघण्याआधीची तयारी. मुलाच्या लेखी तो एक पूर्ण कार्यक्रम असतो. चप्पल शोधायची, ओढत आणायची, डावी उजव्या पायात घालून बघायची, जमलं की वर बघून हसायचं, मग ती काढून पुन्हा घालायची. ज्याला आपण मुद्दाम काढलेला ‘मुलाबरोबरचा वेळ’ म्हणतो, त्यापेक्षा असे प्रसंग दिवसात कितीतरी जास्त येतात.

आड येते ती घाई. निघायच्या वेळेला टेकून तयारी सुरू केली की हीच चप्पल रडारडीचं कारण होते. म्हणून मी बाहेर पडताना तिच्या चपलेचा वेळ आधीच धरून चालते. जिथे घाई टाळता येण्यासारखी आहे तिथे टाळायची, एवढाच माझा आग्रह आहे. सगळीकडे ते जमत नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. दिवसातून दोन-तीन ठिकाणी जमलं तरी घराचा सूर बदलतो.

पहिलं पाऊल कधी पडेल? ओळखीतलं एक मूल दहाव्या महिन्यातच चालू लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या हालचालींची नोंद करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याचा काळ त्यात ८.२ ते १७.६ महिने असा आला. म्हणजे दोन अगदी निरोगी मुलांमध्ये नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं. काही मुलं तर रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि एक दिवस उभी राहतात.

दीड वर्षापर्यंत चालणं सुरू झालं नाही, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट मूल करेनासं झालं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर दुसऱ्याच्या मुलाची तारीख मनातून काढून टाका. तुमचं मूल आज कपाटाला धरून कडेकडेने सरकत असेल, तर तेच बघण्यासारखं आहे. ते दृश्य काही आठवड्यांचंच असतं.

चालायला लागल्यापासून सारखी पडते. मी धावत जाते आणि ती अजून रडते. काय करू?

आधी हे ऐका. कॅरेन अडॉल्फ या संशोधिकेने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं चालणं मोजलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मोकळेपणी खेळणारी मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला! पडणं हा त्यांच्या शिकण्याचाच भाग आहे. हा आकडा वाचल्यावर माझ्या मुलीच्या चिकाटीकडे मी वेगळ्याच आदराने बघू लागले. इतक्या वेळा पडून पुन्हा उठण्याची तयारी मोठ्या माणसाकडे कुठून येणार?

पडल्यावर मूल आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. १९८५ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात एक वर्षाच्या मुलांना काचेखाली सुमारे ३० सेंटीमीटर खोल भासणाऱ्या खड्ड्यापाशी ठेवलं होतं. पलीकडे आई. आईचा चेहरा आनंदी असताना १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून आली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. आपला चेहरा इतक्या बारकाईने वाचला जातो. म्हणून साध्या पडण्यावर शांतपणे ‘पडलीस? उठ हं’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा ती हात झटकून पुढे जाते. खरंच लागलं असेल तेव्हाचं रडणं वेगळं असतं, ते आईला कळतं. मग उचलून घ्यायला काहीच हरकत नाही. डोक्याला मार लागून मूल गुंगीत गेलं किंवा उलट्या करू लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

रोज तेच पुस्तक, तेच पान. मला कंटाळा येतो, तिला कसा येत नाही?

तिला पुढे काय येणार हे ठाऊक असतं, आणि तिची सगळी मजा त्यातच असते. पान उलटायच्या आधीच ती श्वास रोखते, पुढचं चित्र दिसलं की टाळ्या वाजवते. जग तिच्यासाठी इतकं नवं आहे की आपण बरोबर ओळखलं, हा अनुभव तिला पुन्हा पुन्हा हवा असतो. ‘बुवा कुक’ सुद्धा याच कारणाने संपत नाही. चेहरा पदराआड गेला तरी आई आहेच, हे तिला कधीच कळलेलं असतं. तरीही ती दर वेळी खात्री करून घेते आणि दर वेळी तितकीच खदखदते.

जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास आहे. वेगवेगळ्या तीन गोष्टी ऐकलेल्या मुलांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांनी त्यातले नवे शब्द अधिक चांगले लक्षात ठेवले. तेव्हा तुमचा कंटाळा वाया जात नाही.

तरी कंटाळा येतोच, हे मान्य. मला उपयोगी पडलेला उपाय सांगते. ओळ वाचता वाचता शेवटचा शब्द गाळायचा आणि थांबायचं. पहिल्यांदा ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग एक दिवस तो शब्द तिने म्हटला, अर्धाच, पण इतक्या अभिमानाने की मला ते पुस्तक आवडायला लागलं.

बोबडे बोल सुधारावेत की तसेच राहू द्यावेत?

सुधारू नका, पण स्वतः बोबडं बोलूही नका. ती ‘पापी’ म्हणाली तर ‘पाणी हवंय? हे घे पाणी’ असं म्हणत भांडं पुढे करा. बरोबर शब्द तिच्या कानावर पडला, तिचं म्हणणंही पोचलं आणि कुणी तिला चुकलीस म्हटलं नाही.

थोडं पुढे गेलं की फार गोड टप्पा येतो. ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ असं मुलं म्हणू लागतात. घरात हे कुणीच बोलत नाही, तेव्हा ऐकून उचललेलं हे नव्हे. ‘बसला’, ‘उठला’, ‘पडला’ ऐकून मुलाने आपल्या मनाने नियम काढला आणि तो सगळीकडे लावला. व्याकरण शिकत असल्याची ही खूण आहे. ‘केलं’ आणि ‘गेला’ यथावकाश येतात. ते आले तरी ‘करलं’ काही काळ मधूनमधून ऐकू येतं आणि मग हळूहळू जातं.

दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडणं सुरू होतं: ‘आई ये’, ‘अजून दे’, ‘नको झोप’. दोन वर्षं पूर्ण झाली तरी अशी जोडणी अजिबात होत नसेल किंवा हाक मारल्यावर मूल वळून बघत नसेल, तर ऐकण्याची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्या. ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ म्हणून थांबू नका.

बोलता येत नाही तेव्हा सारखं बोट का दाखवत असतं?

दोन कारणांनी. एक, हवं म्हणून. दुसरं, तुम्हीही बघावं म्हणून. या दुसऱ्या बोटाने मी हरखून जाते. तिला पक्षी नको असतो, खिडकी उघडून नको असते. फक्त ‘बघ ना’ एवढंच. साधारण वर्षाच्या आसपास हे सुरू होतं आणि शब्द येण्याआधी झालेल्या आपल्या खऱ्या गप्पा या अशाच असतात. बोट दिसलं की हातातलं क्षणभर ठेवून तिकडे बघा आणि त्या गोष्टीचं नाव घ्या.

प्रत्येक कामात लुडबुड करते. तिला दूर ठेवू की करू देऊ?

करू द्या. सुरी, आगीजवळचं आणि गरम सोडून जवळजवळ सगळं.

फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांपुढे एक साधी गोष्ट केली. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात पोचत नाही. न सांगता, न शिकवता बरीच मुलं उठून चिमटा उचलून देत होती. तोच चिमटा त्याने मुद्दाम टाकला तर मात्र देत नव्हती. म्हणजे अडलेला माणूस त्यांना ओळखू येत होता. २००८ मध्ये त्याच दोघांनी आणखी एक बघितलं: मदतीबद्दल बक्षीस मिळालेली वीस महिन्यांची मुलं नंतर, बक्षीस नसताना, इतरांपेक्षा कमी मदत करत होती. तेव्हा लुडबुडीला लाच नको. ‘तू दिलास म्हणून लवकर झालं’ एवढं खरं वाक्य बास.

खरं सांगायचं तर लवकर होत नाही. घडी घातलेले कपडे ती उलगडते, झाडलेला कचरा पुन्हा पसरतो. म्हणून मी काम दोन भागांत करते. जे वेळेत व्हायलाच हवं ते ती झोपलेली असताना. जे रेंगाळलं तरी चालेल ते तिच्याबरोबर. मोजे जोडीने लावणं हे आमचं आवडतं काम. तिचा मोजा माझ्या मोठ्या मोज्याशेजारी ठेवून ती ‘आई, बाळ’ म्हणते आणि मग बाबांचा मोजा शोधायला निघते. कपड्यांच्या त्या ढिगात आमचं अख्खं घर ती रोज मांडते. हे मला कुठल्याही खेळण्याने दिलं नसतं.

सतत ‘नाही’ आणि ‘माझं’. गोड मूल कुठे गेलं?

तिथेच आहे, फक्त आता ते स्वतःला ओळखू लागलं आहे. नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून मुलाला आरशासमोर उभं करायचा प्रयोग बाल-मानसशास्त्रात १९७२ पासून केला जातो. लहान बाळं आरशातल्या बाळाशी खेळतात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आपल्याच नाकाला हात लावतं. ‘ती मी आहे’ हे कळणं आणि ‘मला नको’ म्हणता येणं साधारण याच काळात येतं. माझ्या मुलीने पहिल्यांदा ठामपणे ‘नाही’ म्हटलं तेव्हा मला तिचा अभिमान वाटला, आणि आजही वाटतो, अगदी ते ‘नाही’ अंघोळीला असलं तरी.

निवड दिली तर बरंच सोपं होतं. ‘अंघोळ करायची का’ असं विचारू नये, कारण त्याला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं. ‘लाल मग की निळा?’ असं विचारावं.

आणि भर रस्त्यात हातपाय आपटते तेव्हा?

तेव्हा आनंद शोधू नका. जवळ बसा, लागणार नाही एवढं बघा, कमी बोला. वादळ ओसरलं की ती कुशीत येईल. जे नाकारलं ते नाकारलेलंच ठेवा, पण कुशी नाकारू नका.

मला सगळा वेळ आनंद होत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर मी मोठ्याने देते.

झोप अपुरी, कामं अर्धवट, कुणाशी पूर्ण वाक्य बोलून दिवस झाले आहेत, अशा स्थितीत कुणालाही सतत आनंद वाटणार नाही. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. पुरेशी चांगली आई असली की मुलाला पुरतं, अशी कल्पना त्यांनी १९५० च्या दशकात मांडली. त्यांचं म्हणणं असं, की मूल मोठं होत जाईल तसं आई प्रत्येक गरज तत्काळ पुरवत नाही, आणि हे थोडंथोडं कमी पडणंही वाढीला लागतं. मला या विचाराने फार आधार दिला आहे.

आनंद आणि थकवा एकाच संध्याकाळी असू शकतात, एकाच मिनिटातही. खोलीत जाऊन दार लावून थोडा वेळ एकटं बसावंसं वाटलं तर मुलाला भरवशाच्या माणसाकडे द्या आणि बसा. त्याने प्रेम कमी होत नाही.

मात्र सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, मूल झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, तर तो निव्वळ थकवा नसण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना भेटा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच, लगेच, कुणाला तरी सांगा. यावर उपचार आहेत आणि त्यांनी बरं वाटतं.

मी नोकरी करते. घरी येईपर्यंत संध्याकाळ होते. बरंच काही हुकतं ना?

काही हुकतं, ते नाकारून उपयोग नाही. पण घरी परतल्यावरची पहिली काही मिनिटं तुमच्या हातात आहेत. पर्स ठेवायची, हात धुवायचे आणि थेट जमिनीवर बसायचं. फोन, स्वयंपाक, दुसऱ्या दिवसाची तयारी, सगळं त्यानंतर. मूल येऊन अंगावर चढतं, दिवसभराचं सगळं त्याच्या भाषेत सांगतं. तेवढं झालं की बहुतेकदा स्वतःहून उतरून खेळायला जातं.

आणखी एक. पहिल्यांदा चालली तेव्हा तुम्ही नव्हता, याची खंत करू नका. तिला आपलं पाऊल पहिलं की दहावं हे ठाऊक नाही. तुम्ही बघितलंत ते पाऊलही तिने तुमच्याकडे यायलाच टाकलं होतं.

बाबांबरोबर ती वेगळीच वागते, आजी-आजोबांकडे अजून वेगळी. एक शिस्त नको का?

सुरक्षेचे आणि झोपेचे नियम एक असू देत. बाकी वेगळेपण राहू दे, त्यात घराची श्रीमंती आहे. बाबा उंच उचलून फिरवतो, आई कुशीत घेऊन गुणगुणते, आजोबांकडे कितीही वेळ असतो. कोणाकडे काय मिळतं हे मूल फार लवकर शिकतं आणि त्या त्या माणसाकडे ते ते मागायला जातं. बाबा भरवतो तेव्हा निम्मं जेवण कपड्यांवर सांडत असेल, तर सांडू दे. दारामागून दुरुस्त्या सुचवल्या की बाबा हळूहळू बाजूला होतो, आणि मग सगळंच आपल्यावर येतं.

मोबाईल दाखवला तर मला थोडी उसंत मिळते. चालेल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना अशा: एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवणं नको, दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. दूरच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणं ही गोष्ट वेगळी, त्यात समोर प्रेमाचं माणूस असतं. उसंतीसाठी मला पाण्याचं उथळ भांडं आणि दोन पेले जास्त उपयोगी पडतात. ओतणं या वयात संपतच नाही. पण जवळ बसून राहावं लागतं. काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून भांडं असो की बादली, पाण्यापाशी तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

खेळणी किती हवीत?

थोडी. निम्मी उचलून ठेवा आणि काही दिवसांनी अदलाबदल करा. रिकामा खोका कधीही टाकू नका.

झोपवताना तासभर जातो. हे कमी कसं करू?

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दुपारी उशिरापर्यंत झोपली असेल तर रात्री तासभर जाणारच. आधी ते तपासा. मग रोजचा क्रम एकच ठेवा: अंघोळ किंवा हातपाय धुणं, कपडे, पुस्तक, दिवा बंद. क्रम पाठ झाला की मूल स्वतःच पुढची पायरी सांगतं.

माझं मत विचाराल तर तासाऐवजी अर्धा-पाऊण तास झाला तरी पुष्कळ, त्याहून कमी करण्याच्या मागे मी लागत नाही. अंधारात ती दिवसभराची माणसं नावानिशी आठवते. कोण आलं, कोण गेलं, कुत्रा कुठे झोपला. दिवसा धावपळीत न बोललेलं सगळं तेव्हा निघतं.

फोटो काढत राहू की नुसतं बघू?

दोन्ही करा, पण लिहून ठेवणं विसरू नका. साधारण तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही, त्यामुळे या काळाची आठवण तिच्यासाठी आपल्याला सांभाळायची आहे. चेहरा फोटोत राहतो, बोलणं राहत नाही. एका वहीत तारीख घालून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहा, आणि तिला काय म्हणायचं होतं तेही शेजारी लिहा. आज तुम्हाला त्याचा अर्थ इतका उघड वाटतो की लिहायची गरज भासत नाही. सहा महिन्यांनी तो तुम्हालाही आठवणार नाही.

इतर मुलांबरोबर खेळत नाही, शेजारी बसून आपलं आपलंच करते. काळजी करू का?

दोन-अडीच वर्षांपर्यंत हे अगदी स्वाभाविक आहे. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात शेजारी शेजारी समांतर खेळणं हा एक प्रकार आहे. एकत्र मिळून खेळणं हळूहळू पुढे वाढत जातं. नीट बघाल तर अशा शेजारी खेळणाऱ्या दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या असल्या तरी एकीने डबा आपटला की थोड्या वेळाने दुसरीही आपटते. त्यांना खेळणी वाटून घ्यायला भाग पाडू नका. सारखी दोन भांडी, सारखे दोन चमचे ठेवा आणि जवळच बसून राहा.